उजव्या सीटवरून

सबनीसकाका,

तुमची गाडी विकली. हे आधीच सांगते, कारण तुमचा पहिला प्रश्न तोच असता: "कितीला गेली?" कमीला गेली. तो कमीपणा माझ्यामुळे आला. हे तुम्हाला दीड वर्ष माहीत होतं आणि मला नव्हतं. त्या रागातून हे लिहितेय. राग तुमच्यावर आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण ते म्हणणाऱ्यांना तुम्ही भेटला नसणार.

तुम्हाला जाऊन सात आठवडे झाले. इथल्या मराठी मंडळाने अंकासाठी तुमच्यावर मजकूर मागितला. तुमची ट्रेडिंग कंपनी, मुंबईहून आलेली बदली, मग कायमचं टोकियो, हे सगळं दुसऱ्या कोणीतरी लिहून दिलंय आणि त्यात "मनमिळाऊ" हा शब्दही आहे. तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगायचात आणि वर हसायचात. मीही तशीच, फक्त मला हसता येत नाही.

आपली ओळखही चुकीवरूनच झाली. कोतोतल्या सभागृहात गणपतीचा कार्यक्रम होता आणि मी दाराशी पत्रकं वाटत होते. पुण्यात कॉलेजपासून पत्रकं लिहायचा हात बसलेला. इथे सॉफ्टवेअरच्या कंत्राटावर आले तर विषय शोधावाच लागला नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सोडली तर दंड, पासपोर्ट "सुरक्षित राहावा म्हणून" एजन्सीच्या कपाटात, आणि सगळे गप्प. लोक माझं पत्रक हसून घेत होते आणि त्यावर प्रसादाचा शिरा ठेवून खात होते. तुम्ही एकटे उभ्याने शेवटपर्यंत वाचत राहिलात.

"सहा उद्गारचिन्हं आहेत," तुम्ही म्हणालात.

"मग?"

"पाच काढ. उरलेल्या एकाला भाव येईल."

"भाव? हा बाजार नाहीये, काका."

"पत्रकबाई, सगळा बाजारच आहे. रविवारी मोकळी असलीस तर दाखवतो."

मी मोकळीच होते. माझे सगळेच रविवार मोकळे होते. खोलीत एक गादी, एक राइस कुकर, आणि कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा त्याचा भिंतीवर चिकटवलेला तक्ता. शनिवारी रात्री बोललेलं शेवटचं वाक्य सोमवारी सकाळपर्यंत पुरायचं.

खाडीपलीकडच्या त्या पत्र्याच्या गोदामात तुम्ही ताडपत्री ओढलीत आणि खाली ती होती. जांभळी. आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या गेटात शिरली नसती एवढी लांब, आणि एवढ्या लांबीला दारं दोनच. गोदामाचे मालक निशिदा-सान हात मागे बांधून उभे होते. देवळातल्यासारखे. तुम्ही किल्ली फिरवलीत आणि भिंतीचे पत्रे थरथरले.

"अमेरिकन मसल कार," तुम्ही म्हणालात.

"मसल म्हणजे?"

"अंगात ताकद, डोक्यात काही नाही. तुझ्या पत्रकासारखी."

त्या दिवशी मला काम मिळालं. गाडी अमेरिकेची, म्हणून स्टीअरिंग डावीकडे. जपानातले टोलनाके उजवीकडे. नाक्यावर कार्ड घ्यायचं, पैसे द्यायचे, सुटे घ्यायचे, तर उजव्या सीटवर कोणीतरी हवं. नाहीतर चालवणाऱ्याने उतरून, एवढ्या लांब गाडीला वळसा घालून, मागच्यांचे हॉर्न ऐकत यायचं. म्हणजे जपानात हॉर्न कोणी वाजवत नाही, नुसते बघतात, ते जास्त वाईट. तोवर बऱ्याच गाड्यांना ईटीसीचा डबा लागला होता, नाक्यावर थांबायचंच नाही, फाटक आपोआप उघडायचं. मी विचारलं, तुम्ही का नाही लावत? तुम्ही असं बघितलंत जसं काही मी देव्हाऱ्यात खिळा ठोकायला सांगितला.

"हिला कारखान्यातून निघाल्यापासून एक नवा स्क्रू लागलेला नाही. डॅशबोर्डला भोकं पाडू?"

मला पटलं. तुमच्याबरोबर तीन-चार रविवार काढल्यावर भोकाची किंमत कोणालाही कळली असती.

तुमच्याकडे अमेरिकेहून जुन्या गाड्यांच्या बाजारभावाचं मासिक यायचं, आणि तुम्ही ते पंचांगासारखं वाचायचात. गाडी अर्ध्याहून अधिक कागदावरच असते, हे तुम्ही मला शिकवलंत. इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर एकमेकांशी जुळला पाहिजे. जुळला तर एक भाव, इंजिन नंतर बदललेलं असेल तर त्याच्या निम्माही नाही, मग ते नवं इंजिन कितीही चांगलं पळो. रंग कारखान्याचाच हवा, फिकटला तरी चालेल, पुन्हा मारलेला नको. तुमच्या गाडीच्या मागच्या सीटच्या स्प्रिंगांमध्ये कारखान्यातला एक कागद अडकलेला सापडला होता. कोणतं इंजिन, कोणता रंग, कोणते गिअर, सगळं त्यावर. तो तुम्ही प्लास्टिकमध्ये घालून ठेवला होतात आणि पत्रिका दाखवावी तसा दाखवायचात.

"आणि ऐक," तुम्ही म्हणायचात, "हे इंजिन आणि हा रंग ही जोडी त्या वर्षी कोणालाच नको होती. डीलरच्या अंगणात पडून होती. म्हणून थोड्याच निघाल्या. म्हणून आज एका गाडीत तुझ्या पुण्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट येईल."

"घेतं कोण?"

"ज्यांना अठराव्या वर्षी परवडली नाही ते. आता साठीला आलेत. त्यांना गाडी नकोय, त्यांना ते अठरावं वर्ष हवंय."

"आणि ज्यांनी ती बांधली, त्यांच्या अठराव्या वर्षाचं काय?"

इथे आपलं भांडण सुरू व्हायचं, दर खेपेला इथेच. मी सांगायचे की डेट्रॉइटमध्ये ज्यांनी ही गाडी जोडली त्यांच्या गल्ल्या आज ओस पडल्यात, घरं फुकट दिली तरी कोणी घेत नाही, आणि त्यांच्या हातची गाडी काचेत ठेवून लिलाव होतो. तुमच्या त्या मासिकात बोल्टाचंही मूळ लिहिलेलं असतं. बोल्ट पिळणाऱ्याचं नाव कुठेय? तुम्ही म्हणायचात, "आहे. नाव नाही, पण आहे. दाखवीन कधीतरी." मी म्हणायचे, टाळताय. तुम्ही म्हणायचात, "टोल आला, कार्ड घे."

दाखवायच्या आत दसरा आला.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसायची आणि दसऱ्याला गाडी धुऊन तिला हार घालायचा, यात विचार करण्यासारखं काही असतं का? माझे बाबा स्कूटरची टायरंसुद्धा ब्रशने घासतात. मला वाटलं, तुमचा मुलगा निखिल ओसाकात, तुमच्या गाडीची पूजा कोण करणार. निशिदा-सानकडून किल्ली घेतली आणि सकाळी सातपासून लागले. बाहेरून तर तुम्ही रोज पुसायचातच. मी बॉनेट उघडलं. इंजिनामागे जी लोखंडी भिंत असते तिच्यावर ग्रीस, धूळ आणि पिवळ्या खडूच्या काही रेघोट्या होत्या. मला वाटलं गोदामातल्या कोणीतरी गिरबटलंय. तेल काढायचं औषध मारलं, घासलं, भिंत ताटासारखी लख्ख केली. मग तेलात कुंकू कालवून बरोबर मधोमध "श्री" काढलं. झेंडू मिळाला नाही, पिवळी शेवंती मिळाली, तिचा हार केला.

निशिदा-सान आत आले आणि त्यांचा चेहरा उतरला. शेवंतीमुळे, असं मी समजले. इथे ती फुलं अंत्यविधीला वाहतात, हे मला त्याच दिवशी कळलं. मग तुम्ही आलात. उघड्या बॉनेटपुढे बराच वेळ उभे राहिलात. मला वाटलं गहिवरलात.

"स्वच्छ केलंस," तुम्ही म्हणालात. "छान."

मग खिशातून रुमाल काढून डोक्यावर ठेवलात आणि नमस्कार केलात. पेढे मागितलेत. मी विसरले होते, म्हणून कोपऱ्यावरच्या कन्बिनी दुकानातून चॉकलेट आणलं. बास, एवढंच झालं.

पुढच्या वसंतात आपण जे भांडलो त्याबद्दल मला बोलायचंय, कारण ते तसंच राहिलं. बोसोच्या किनाऱ्यावरून परत येत होतो. आदल्या आठवड्यात तुम्हाला कोणीतरी एक गाडी विकायला बघत होतं, ती नकली निघाली होती. साध्या इंजिनाची साधी गाडी, तिला मोठं इंजिन बसवून, पट्टे मारून, बिल्ले लावून दुर्मिळ म्हणून उभी केलेली. मी नेहमीसारखी तापले. चोर आहेत, म्हटलं, यांची नावं छापून वाटली पाहिजेत.

तुम्ही रस्त्यावरची नजर न काढता विचारलंत, "तुझ्या बायोडेटात अनुभव किती वर्षांचा आहे?"

"पाच."

"खरा?"

मी टोलचे सुटे मोजायला लागले.

"खरा किती, वृंदा?"

"सव्वातीन. पण ते मी नाही लिहिलं, एजन्सीने लिहिलं. सगळ्यांचंच लिहितात. पाच नसतील तर इथली कंपनी घेतच नाही."

"गाडीही स्वतः बिल्ले लावून घेत नाही," तुम्ही म्हणालात.

मला पुढच्या स्टेशनशी उतरवा म्हटलं. तुम्ही उतरवलंत. एक शब्द बोलला नाहीत. तुम्ही बोलला असतात तर मी भांडले असते, आणि भांडण संपलं असतं. मी पाच महिने आले नाही. त्या पाच महिन्यांत मी एजन्सीविरुद्ध तीन पत्रकं काढली आणि तिन्हीत पासपोर्ट होता, दंड होता, फुगवलेल्या वर्षांचा एक शब्द नव्हता. तुम्हाला कोणीतरी ती दिली असणार. तुम्ही वाचली असणार, उभ्याने, शेवटपर्यंत.

शरदात मी परत आले तेव्हा तुम्ही काही विचारलं नाहीत. नुसतं उजवीकडचं दार उघडलंत. त्या सीटखाली एक लांब दांड्याचा चिमटा होता, उंच फळीवरचं सामान काढायला म्हाताऱ्या लोकांकडे असतो तसा. मी विचारलं, हे काय? "काही नाही, निशिदाचं असेल," असं म्हणून तुम्ही तो परत सीटखाली सरकवलात. फेब्रुवारीत तुम्ही गेलात. तुमच्याभोवती तीच पिवळी शेवंती होती, आणि मी तिच्याकडे बघत नव्हते.

मग निखिलचा फोन आला. तो बिचारा मराठीत सुरुवात करतो, इंग्रजीत जातो आणि जपानीत संपवतो. गाडी विकायची आहे, विक्रीचा कागद तुम्ही लिहावा, बाबांनी सांगून ठेवलंय, म्हणाला.

"काय सांगून ठेवलंय?"

"की पत्रक वृंदाच लिहिणार. बाकी ओमाकासे शिमासु." म्हणजे सगळं तुमच्यावर सोपवलं. त्याला ओसाकात घर घ्यायचंय, हेही त्याने सांगितलं, आणि तिकडच्या लिलावात भाव अडखळायला लागलेत, तेव्हा जरा लवकर.

मी गोदामात गेले. निशिदा-साननी तुमच्या फोटोंचा अल्बम काढला, गाडी जपानात उतरली तेव्हाचा. एका फोटोत ती लोखंडी भिंत होती. मळकी. आणि तिच्यावर जाड पिवळ्या तेलखडूने मोठं "ओके", खाली एक आडवीतिडवी सही, शेजारी निळ्या रंगाचा एक फटकारा.

"हे कुठे गेलं?" मी विचारलं.

निशिदा-सान जमिनीकडे बघायला लागले. मग त्यांच्या जपानी उच्चारात म्हणाले, "बुरिंदा-सान, तुम्ही धुतलंत."

कारखान्यात गाडी पट्ट्यावरून जाताना तपासणारा माणूस खडूने खूण करून पुढे सोडायचा. त्या खुणा सहसा राहत नाहीत. ज्या गाडीवर राहिल्या तिला जाणकार जास्त मोजतात, कारण त्या कोणाला विकत आणता येत नाहीत. चाळीसएक वर्षं ती सही टिकली. समुद्रातून आली, तुमच्याकडे राहिली. एका दसऱ्याला मी ती ब्रशने घासली. कोण म्हणत होतं, कामगाराचं नाव कुठेय म्हणून? काका, ते तिथेच होतं. तेच तर तुम्ही दाखवणार होतात.

"त्यांनी मला का नाही सांगितलं?"

"सांगू नका म्हणाले. तुमच्या देशात आज गाडीची पूजा असते, असं म्हणाले. मी नंतर विचारलं, ते लाल पुसू का? तर म्हणाले, राहू दे. पहिल्याने पास केली होती, आता दुसरीने केली."

मी गाडीच्या बंपरवर बसले. तुम्ही तिथे कोणाला बसू द्यायचा नाहीत.

मग निशिदा-सान त्यांच्या परीने मला सावरायला गेले. म्हणाले, फोटो आहे, माझ्याकडे तसाच खडू आहे, मी पुन्हा काढतो. तिकडे चांगले चांगले लोक काढतात, कारागीरच आहेत त्याचे. कुंकू काढायचं, खूण काढायची, भाव पहिल्यासारखा. ते वाईट माणूस नाहीत. निखिलला फायदा होईल, मला ओशाळं वाटणार नाही, आणि तुम्ही तर नाहीच. कोणाचं काय जाणार होतं?

मी खडू हातात घेतलासुद्धा. हे सांगायलाच हवं. सही सोपी होती, दोन वळणांची. मी फोटो बघून एकदा हवेत काढूनही पाहिली. मग तो माणूस डोळ्यांपुढे आला. त्याचा चेहरा मला माहीत नाही, पण पाळी संपत आलेली, हात दुखतोय, आणि तरी खाली वाकून बघून मगच सही करणारा. त्याची सही मी पुसली ती न कळता. आता कळून त्याच्या नावाने खोटी करायची? एजन्सीने माझी पावणेदोन वर्षं खोटी काढली तशी?

खडू परत दिला. त्याच टेबलावर बसून कागद लिहिला. इंजिनाचा आणि सांगाड्याचा नंबर जुळतो. रंग कारखान्याचा. सीटमधला कागद सोबत. इंजिनामागच्या भिंतीवर तपासनिसाची खूण होती, तिचा फोटो जोडला आहे. ती खूण आता नाही. अमुक साली दसऱ्याला मी, वृंदा, हिने ती अज्ञानाने पुसली, तिच्या जागी कुंकवाने काढलेलं एक अक्षर आहे, ते मंगल समजतात. मी आजवर लिहिलेलं हे सगळ्यात लहान पत्रक. एकही उद्गारचिन्ह नाही.

निखिलला फोन करून वाचून दाखवलं आणि म्हटलं, यात तुझं नुकसान आहे. तो चक्क मराठीत म्हणाला, "बाबांनी असंच लिहिलं असतं." त्याने कोणत्या आवाजात म्हटलं ते मी सांगणार नाही, ते त्याचं आहे.

योकोहामाचा एक दंतवैद्य घ्यायला आला. त्याने कागद दोनदा वाचला, भिंतीवरचं "श्री" टॉर्चने बघितलं, भाव पाडला, आणि घेतली. घरी जाऊन मी दुसरा कागद लिहिला. माझा बायोडेटा. तीन वर्षं, तीन महिने. सोमवारी तो एजन्सीला न दाखवता इथल्या मॅनेजर-सानच्या टेबलावर ठेवला. ते बघतो म्हणालेत. कंत्राट राहील की मी पुण्याच्या विमानात असेन, हे शुक्रवारी कळेल.

काल गाडी पोचवायची होती. निशिदा-सान चालवत होते आणि मी उजवीकडे. पाय मागे घेतले तर टाचेला तो चिमटा लागला. उचलून बघितला. टोकाचं रबर पार झिजलंय. एक-दोन फेऱ्यांत रबर एवढं झिजत नाही, काका. पाच महिने तुम्ही दर रविवारी निघत होतात, डावीकडे बसून, रिकाम्या सीटवरून हा दांडा खिडकीबाहेर काढत, कार्ड पकडत, नाणी सांडत. मी तेव्हा खोलीत बसून पत्रकं लिहीत होते.

नाका आला. मी काच खाली केली, पैसे दिले, सुटे घेतले. गणवेशातल्या माणसाने मान लववली. शेजारच्या रांगेतून गाड्या न थांबता जात होत्या, फाटक आपोआप वर, आपोआप खाली.

"एवढी एकच सोय करून घेतली असती तर," मी म्हटलं, "डॅशबोर्डला दोन भोकं. तेवढ्याने काय भाव पडला असता?"

निशिदा-साननी माझ्याकडे बघितलं. "भोकं कशाला? डबा सामानाच्या कप्प्यात राहतो. वरचा अँटेनाचा तुकडा टेपने चिकटतो. मी तीनदा सांगितलं सबनीस-सानना, एक स्क्रू लागणार नाही."

"मग?"

"म्हणाले, ते बसवलं तर बुरिंदा-सान कशाला येईल?"

परत येताना मी ट्रेनने आले. चिमटा विक्रीच्या यादीत नव्हता, तो माझ्या मांडीवर होता, आणि डबाभर लोक त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते. तुम्ही हे मला जिवंतपणी सांगितलं असतंत तर मी काहीतरी बोचरं बोलले असते. आणि पुढच्या रविवारी आले असते.